कापलेली पिन

चि. मंदार यास,


ताईने फोनवर मोठ्या कौतुकाने सांगितलं की स्पीकरमधली घूं जात नव्हती, ती तू मिक्सरच्या थ्री पिन टॉपमधली अर्थची पिन कापून चुटकीसरशी घालवलीस. तिला त्यातलं काय कळणार! माझ्या डोळ्यांपुढे मात्र तू साउंड लावतोस त्या जत्रांचा हंगाम आला. घूं गेली हे खरं, पण ती का गेली ते बघ. मिक्सर देवळातल्या एका सॉकेटवर, अँप मांडवातल्या दुसऱ्यावर. दोन्हीकडच्या अर्थमध्ये थोडा व्होल्टेजचा फरक असतो आणि तो सिग्नल केबलच्या शिल्डमधून वाहतो. तीच ती 50 हर्ट्झची घूं. पिन कापल्यावर वाट तुटली, म्हणून आवाज थांबला. पण मिक्सरची बॉडी आता फक्त त्या बारीक शिल्डच्या आधारावर आहे, आणि केबल निघाली की तोही आधार नाही. आत फेज बॉडीला टेकला तर एमसीबी पडेलच असं नाही; 230 व्होल्ट बॉडीवर बसून राहतील. मिक्सरच्या बॉडीला जोडलेला असतो माइक, आणि माइक धरणारा माणूस अनवाणी, ओल्या जमिनीवर. 1972 साली वेल्समधल्या स्वानसी इथे ‘स्टोन द क्रोज’चा गिटारवादक लेस्ली हार्वे भर कार्यक्रमात अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून शॉकने गेला. स्टेज मोठं होतं, बँड नावाजलेला होता.

तू म्हणशील, स्पाइक गार्ड आहे ना. त्याच्यात काय असतं? झिंक ऑक्साइडची चकती, एमओव्ही. व्होल्टेज ठरावीक मर्यादेपलीकडे उसळलं की ती क्षणभर वाहू लागते आणि उसळी दुसरीकडे वळवते. चांगल्या गार्डात अशा तीन चकत्या असतात: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. अर्थच नसेल तर शेवटच्या दोन फुकट. पन्हळ लावली आणि खाली चर खणलाच नाही, अशातली गत. शिवाय प्रत्येक दणक्याला चकती थोडी झिजते, म्हणून जुन्या गार्डावर भिस्त ठेवू नये, दिवा लागत असला तरी. आणि तिचं बळ क्षणाच्या दणक्यापुरतंच. थ्री फेजचा न्यूट्रल ढिला झाला तर 230 च्या जागी 400 च्या आसपास व्होल्ट येऊन तिथेच राहतात. मग चकतीच तापून जळते. स्टॅबिलायझर हळू चढउतार सांभाळतो, अशी झेप त्याला झेपत नाही. त्यासाठी व्होल्टेज वाढताच लाइन तोडणारं कटऑफ हवं, आणि मिक्सर लावण्याआधी मल्टिमीटरने फेज-न्यूट्रल मोजायची सवय. जनरेटरवर तर हटकून. वीज कडाडू लागली की यातलं काहीच पुरत नाही. आकाशातल्या विजेचा प्रवाह तीस हजार अँपिअरच्या घरात जातो. त्या वेळी कार्यक्रम थांबवून टॉप आणि केबल ओढून काढायचे, लोक ओरडले तरी. परतीच्या पावसात आपल्याकडे हे व्हायचंच.

‘देवळात अर्थिंगच नाही, मग पिन असून उपयोग काय?’ हा प्रश्न खरा आहे. पण त्याचं उत्तर पिन कापणं नव्हे. जनरेटर असेल तर अर्थचा रॉड ठोकून घेतल्याशिवाय वायर जोडू नकोस. देवळाच्या लाइनवर 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी लाव; अर्थ नसली तरी अंगातून करंट जमिनीत जाऊ लागताच तो लाइन तोडतो. राहिली घूं. सगळी यंत्रं एकाच ठिकाणाहून चालव, बॅलन्स्ड केबल वापर, आणि तरी राहिली तर मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरचा डीआय बॉक्स टाक. तोडायचंच तर सिग्नलच्या बाजूचं ग्राउंड तोड, पॉवरच्या बाजूचं कधीही नाही. ‘आजवर काही झालं नाही’ असंही मनात येईल. पण पिनचं काम रोज नसतंच. इन्सुलेशन फाटेल त्या दिवसासाठी ती तिथे आहे, आणि तो दिवस आधी कळत नाही.

बोललो जरा जास्तच. तुझ्या वयात आवाज स्वच्छ आला की बाकी काही दिसत नाही, मलाही दिसत नव्हतं. या धंद्यात बघून बघून शिकतात, त्यामुळे कापलेली पिनही एकाकडून दुसऱ्याकडे जाते; तुझा एकट्याचा दोष नाही. घूं ऐकून तू अस्वस्थ झालास हेच मला बरं वाटलं, पुष्कळांना ती ऐकूच येत नाही. तुझा कान तयार आहे. नवे टॉप आज-उद्याच बसव. डीआय बॉक्सचे पैसे मी पाठवतो, परतफेडीचं नाव काढू नकोस. ताईला यातलं काही सांगू नकोस, ती उगाच रात्रभर जागी राहील. आणि जत्रेत पहाट होते तुम्हा लोकांना, तेव्हा आधी दोन घास खाऊन घेत जा.

तुझा,
मामा