पिकअपच्या टाकीत डिझेल सावकाश का जाते?

शेतमाल वेळेवर बाजारात पोहोचविण्याच्या कामी बैलगाडीची जागा आता बहुतेक ठिकाणी पिकअपने घेतली आहे. जाफराबाद तालुक्यातील हिरवी मिरची पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात न्यावयाची झाल्यास तोडणीनंतरचा प्रत्येक तास महत्त्वाचा असतो, कारण माल गाडीत जितका वेळ तापतो तितका तो वजनाने व तजेल्याने घटतो. अशा वेळी पेट्रोल पंपावर गाडी अडून राहिली तर होणारे नुकसान केवळ वेळेचे नसते.

टेंभुर्णी भागातील एका शेतकऱ्याची पिकअप गेल्या हंगामात अशीच अडू लागली. नोझल टाकीच्या तोंडात घालून चाप ओढला की दोन-तीन लिटरनंतर खटका पडे व डिझेल बंद होई. एरवी मिनिट-दीड मिनिटात भरणारी ४० लिटरची टाकी भरावयास पाव तास लागे. त्यांनी पंप बदलून पाहिले, पंपावरील नोकराशी वाद घातला, नवे झाकणही विकत आणले. शेवटी कॅनमध्ये डिझेल आणून ते नरसाळ्याने सावकाश ओतावयाचे, असा त्यांनी मार्ग काढला. भरलेला कॅन गाडीच्या केबिनमध्ये सीटमागे राहू लागला, तेव्हा ही गोष्ट प्रस्तुत लेखकाच्या नजरेस आली.

या दोषाचे मूळ समजण्यासाठी शेतकऱ्याला दूर जावे लागत नाही. अरुंद तोंडाची घागर पाण्यात एकदम बुडविली तर ती भक्‌भक्‌ आवाज करीत भरते, कारण आत शिरणाऱ्या पाण्याला आतील हवा वाट देत नाही. विहिरीवरून शेतात नेलेल्या पाइपलाइनीवर उंचवट्याच्या जागी आपण एअर व्हॉल्व्ह बसवितो, तो याच कारणाने. गाडीच्या टाकीला म्हणून दोन नळ्या असतात. जाड नळीतून डिझेल आत जाते व तिच्या शेजारची बारीक नळी आतील हवा भरण्याच्या तोंडापर्यंत परत आणून सोडते. बारीक नळी तुंबली, दबली किंवा मधेच झोळ पडून तिच्यात डिझेल साचले की हवा कोंडते आणि डिझेल जाड नळीत वर चढते.

वर चढलेल्या डिझेलने खटका का पडावा? नोझलच्या टोकाशी एक बारीक छिद्र असते. ठिबक संचातून खत सोडताना वापरली जाणारी व्हेंचुरी ज्या तत्त्वावर चालते, त्याच तत्त्वावर वाहत्या डिझेलमुळे या छिद्रातून हवा ओढली जाते. छिद्र डिझेलने झाकले गेले की हवा मिळत नाही, आत ओढ निर्माण होते आणि पडद्याची कळ खटका पाडते. म्हणजे टाकी भरली, असे नोझलला वाटते. डिझेलला फेस फार येत असल्याने हा भ्रम अधिकच लवकर होतो. त्यात नोकराचा दोष नसतो.

तपासणीचा आरंभ गाडीखाली शिरून करू नये. त्याच नोझलवर इतर गाड्या भराभर भरतात काय, हे आधी पाहावे. सर्वच गाड्यांना वेळ लागत असेल तर दोष पंपाचा, बहुधा त्याच्या तुंबलेल्या गाळणीचा. आपलीच गाडी सर्व पंपांवर अडत असेल तर दोष गाडीचा. चाप अर्धाच ओढल्यावर टाकी नीट भरते, पण पूर्ण ओढताच खटका पडतो, असे असेल तर हवेची वाट पूर्ण बंद नसून अरुंद झालेली आहे असे समजावे. मोठ्या ट्रकसाठी असलेल्या अधिक वेगाच्या नोझलवर लहान पिकअप उभी केल्यासही असेच होते. नोझल थोडे बाहेर ओढून किंवा उलटे फिरवून धरल्याने तात्पुरते काम भागते.

झाकणाविषयी मात्र अनेकांचा गैरसमज असतो. डिझेल भरताना झाकण निघालेलेच असते, तेव्हा भरण्याच्या सावकाशीला ते कारण होऊ शकत नाही. झाकण उघडताना फुस्‌ असा आवाज होत असेल व लांबच्या प्रवासात इंजिनाची ताकद कमी पडत असेल, तर झाकणाच्या हवेच्या छिद्राकडे पाहावे. तो दोष निराळा.

यानंतर नळ्या पाहाव्यात. केळणा व पूर्णा यांच्या संगमावरील या परिसरातील चिकण काळी माती पावसाळ्यात चाकाबरोबर उडून गाडीच्या खालच्या प्रत्येक सांध्यात बसते. कुंभारीण माशीला बारीक नळीचे उघडे तोंड घर करण्यास सोयीचे असते. बरेच दिवस उभ्या राहिलेल्या गाडीत हे विशेष होते. ही गोष्ट कोणास हास्यास्पद वाटेल, परंतु सन २०११ मध्ये अमेरिकेत माझ्दा कंपनीला ५०,००० हून अधिक मोटारी परत बोलवाव्या लागल्या, त्या टाकीच्या हवेच्या नळीत कोळी जाळे विणत असल्यामुळे.

टेंभुर्णीच्या गाडीत माती नव्हती, कीटकही नव्हता. माल जास्त बसावा म्हणून हौद्यावर लोखंडी जाळी बसवून घेतलेली होती आणि तिच्या आधारपट्टीखाली बारीक नळी चिरडली गेली होती. मिस्त्रीने पट्टी ग्राइंडरने कापण्याची तयारी केली, ती थांबवावी लागली. भारतात विकल्या जाणाऱ्या डिझेलचा प्रज्वलनबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते तो, मानकाप्रमाणे किमान ३५ अंश सेल्सिअस ठेवलेला आहे. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत सावलीतही पारा त्याच्या वर जातो. डिझेल पेटत नाही हा समज त्या दिवसांत तरी सोडून द्यावा. पेट्रोलची वाफ तर थंडीतही पेटते. रिकामी टाकी निर्धोक समजून तिच्यावर वेल्डिंग करणे भरलेल्या टाकीपेक्षाही घातक आहे, कारण तिच्यात वाफ व हवा यांचे मिश्रण असते.

पट्टीचे बोल्ट पान्याने सोडवून ती बाजूस सरकविली व नळी बदलली. नवी नळी इंधनासाठीचीच घ्यावी. ठिबकची जुनी नळी किंवा पाण्याची पारदर्शक नळी डिझेलने नरम पडते किंवा तडकते. हे काम टाकी जवळजवळ रिकामी, इंजिन थंड व आजूबाजूस विडी-काडी नसताना करावे. नळी मोकळी करण्यासाठी ती दोन्ही टोकांनी सोडवावी आणि हातपंपाने हवा मारावी. टाकीत हवा मारू नये. तोंडाने ओढणे तर कधीच नको. डिझेल फुप्फुसात गेल्यास जिवावर बेतते. कोणी गिळलेच तर उलटी न करविता त्यास दवाखान्यात न्यावे.

पेट्रोलवरील पिकअपमध्ये वाफ शोषून घेणारा कोळशाचा डबा व त्याचा व्हॉल्व्हही असतो. पहिला खटका पडल्यानंतर टाकी काठोकाठ भरण्याच्या सवयीने हा कोळसा भिजतो व हवेची वाट बंद होते. तो डबा घरी उघडू नये. सीएनजीच्या गाडीला वेळ लागतो तो बहुधा केंद्रावरील दाब कमी पडल्याने, तेथे वरील कोणताच उपाय लागू नाही.

कॅनमध्ये इंधन घेणे भागच पडले तर कॅन हौद्यात ठेवून भरू नये, जमिनीवर ठेवून भरावा आणि केबिनमध्ये नेऊ नये. नळी बसविल्यानंतर प्रथम १० लिटरच डिझेल भरावे, गाडी थोडी फिरवून आणावी व सांध्यांखाली कोरडा कागद धरून पाहावा. कागद ओला झाल्यास क्लिप आवळून पुन्हा पाहावे, मगच टाकी भरून माल चढवावा.