नदी सुधारली, हे कशावरून ओळखावे?

देहूच्या डोहातील मासे पूर्वी देवाचे मानले जात व त्यांना कोणी धक्का लावीत नसे. आज इंद्रायणीतील जलपर्णी काढणे, गाळ उपसणे, काठावर झाडे लावणे अशी कामे होतात. किती गाळ निघाला व किती रोपे लागली, याची नोंद राहते. परंतु तो कामाचा हिशेब होय, नदीचा नव्हे. नदीवरून पाणी उपसून पिके घेणाऱ्या शेतकऱ्यास दुसरा हिशेब अधिक महत्त्वाचा आहे.

त्यासाठी पहिली मोजणी काम सुरू होण्यापूर्वीच करावी. एरवी मागाहून तुलना कशाशी करावयाची? मोजणी दोन जागी व्हावी. एक सुधारलेला डोह, आणि दुसरा वरच्या अंगाचा तसाच डोह, जेथे हात लागलेला नाही. पावसाळ्यात मावळातून येणारे पाणी घाण वाहून नेते व दोन्ही डोह सारखेच स्वच्छ दिसतात. ते श्रेय पावसाचे असते. सबब वैशाखाची तुलना वैशाखाशीच करावी, आणि बीजेच्या यात्रेचे दिवस टाळावेत.

पाण्यात विरघळलेला प्राणवायू पहाटे मोजावा. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडते, रात्री मात्र तोच वापरते; म्हणून दुपारचा आकडा फसवा ठरतो. स्नानयोग्य पाण्यात तो लिटरला किमान ५ मिलिग्रॅम असावा, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे.

उपकरण नसल्यास उथळ धारेतील दगड उलटून पाहावा. खालच्या बाजूस शेपटीसारखे दोन-तीन बारीक धागे असलेली कीटकांची पिल्ले चिकटलेली दिसली, तर पाण्यात प्राणवायू बरा आहे. त्यांच्या जागी चिखलात केवळ लाल अळ्या वळवळत असतील, तर मैलापाणी चालूच आहे. माशांची नुसती संख्या मोजून भागत नाही. १९५२ साली भारतात आणलेली तिलापी गढूळ, घाण पाण्यातही वाढते. कर्नल साईक्स यांनी १८३९ साली ज्याचे वर्णन प्रसिद्ध केले, तो दख्खनचा महाशीर मात्र वाहते, प्राणवायुयुक्त पाणी मागतो. जात लिहून ठेवणे म्हणूनच आवश्यक आहे.

काढलेली जलपर्णी थोड्याच महिन्यांत पुन्हा डोह व्यापीत असेल, तर गटारांचे पाणी व शेतांतून वाहून येणारे नत्र-स्फुरद थांबलेले नाही, असे समजावे. आणि पुढील खर्च जलपर्णी उपसण्यापेक्षा त्या नाल्यांच्या तोंडाशी करावा.