मोठें वटवाघूळ : वसतिस्थान व जीवनक्रम

जें उडतें तें पाखरूं, अशी सर्वसाधारण समजूत असते. बायबलांतील 'लेवीय' ग्रंथाच्या ११ व्या अध्यायांतही वटवाघळाचें नांव पक्ष्यांच्याच यादींत आलें आहे. परंतु प्राणिशास्त्राच्या दृष्टीनें वटवाघूळ हा सस्तन प्राणी होय. त्याला पिसें नसून केंस असतात, चोंच नसून दांत असतात. आणि त्याची मादी पिलास दूध पाजते. त्याचा पंख म्हणजे लांबलेल्या बोटांमध्यें ताणलेली पातळ त्वचा होय.

आपल्याकडील वटवाघळांत फलाहारी मोठें वटवाघूळ आकारानें सर्वांत थोर. त्याचें तोंड कोल्ह्यासारखें, डोळे मोठे, मान तांबूस-पिवळी व पंख काळे असतात. पंख पसरले असतां चार फूट किंवा अधिक अंतर भरतें.

लहान जाती गुहांत व पडक्या वाड्यांत राहतात; ही जात मात्र वड, पिंपळ, चिंच अशा जुन्या, उंच वृक्षांवर उघड्यावरच, कित्येकदां शेंकडोंच्या समूहानें, उलटी लोंबकळून दिवस काढते. लोंबकळण्यास तिला श्रम पडत नाहींत, कारण शरीराच्या भारानेंच नख्या फांदीवर घट्ट मिटतात. कडक उन्हांत हे प्राणी पंखांनीं वारा घेतात.

सायंकाळीं थवे अन्नार्थ निघतात. प्रतिध्वनीवरून मार्ग काढण्याची शक्ति कीटकभक्षी जातींत असते. ही जात दृष्टि व घ्राणेंद्रिय ह्यांवर विसंबते. उंबर, वड, आंबा, पेरू इत्यादि फळें चावून ती रस गिळते व चोथा थुंकते. वड-उंबराचें बारीक बीं विष्ठेवाटें दूरवर पडून रुजतें. फुलांतील मध चाखतांना परागही एका झाडावरून दुसऱ्यावर पोंचतात.

मीलनकाल साधारणतः जुलै ते ऑक्टोबर. सुमारें पांच महिन्यांनीं, बहुधा फेब्रुवारी ते मे ह्या अवधींत, बहुतेक एकच पिलूं जन्मतें. आरंभीं तें आईच्या उरास बिलगून तिच्यासह उडतें. सुमारें तीन महिन्यांनीं स्वतः उडूं लागतें. प्रौढ होण्यास मात्र सुमारें दीड वर्ष लागतें. म्हणून एकदां घटलेली संख्या लवकर भरून येत नाहीं.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यानें फलाहारी वटवाघळांस उंदरांबरोबर उपद्रवी ठरविलें होतें. २०२२ च्या दुरुस्तीनें ती उपद्रवी प्राण्यांची अनुसूचीच काढून टाकली. केरळांत २०१८ साली निपाह रोगाची साथ आल्यावर ह्या प्राण्याविषयीं भीति वाढली. त्यावर उपाय हत्या नव्हे, तर उष्टें फळ न खाणें व वटवाघळास हात न लावणें हा होय.

विद्यार्थी मित्रहो, मुळशी तालुक्यांतील आपलें हिंजवडी हें एके काळीं शेतीचें गांव. माहिती तंत्रज्ञानाच्या उद्योगांमुळें येथें रुंद रस्ते व उंच इमारती झाल्या. इमारत दोन वर्षांत उभी राहते. थव्यास आसरा देणारा वड वाढण्यास दोन पिढ्या लागतात. रस्त्याच्या आंखणींत असा वृक्ष आला, तर रस्ता थोडा वळवितां येईल काय, हा प्रश्न विचारण्याइतकें धैर्य व ज्ञान आपल्या ठायीं असावें.