तीन हाका

अमरावती,
तुळशीच्या लग्नाचा दुसरा दिवस

चि. बाळ्या,


काल रात्री अकोल्याहून तुझ्या आत्याचा फोन होता. मोठी आईनं तो माझ्या डाव्या कानाला लावून दिला. साक्षगंधाच्या गर्दीत आत्यानं तुला मागून तीनदा हाक मारली आणि तू वळूनसुद्धा पाहिलं नाहीस म्हणे. "तीन खेपा आवाज देला त्याले, दादा. ओ नाही देली पोट्ट्यानं. मुंबईचं वारं लागलं, माजला."

मी तिला हो हो म्हटलं, पण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. बाळ्या, तू खरंच माजला असशील तर मी उद्या अंबादेवीला नारळ फोडतो. माज उतरवता येतो. तुझ्या बापाचा मीच उतरवला आहे. मला भीती वेगळीच आहे. आत्याची हाक तुला ऐकू आली होती का?

विचारायचं एवढंच होतं. पण दिवाळीत तू टीव्हीचा आवाज वाढवलास, तेव्हा मोठी आई म्हणाली होती, "हा पण तुमच्यावरच गेला." मी हसण्यावारी नेलं. आता ते हसणं आठवतं आणि पोटात गोळा येतो.

चौदा वर्षांचा होतास. राजराजेश्वराच्या कावडीत, गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन येणाऱ्या पोरांबरोबर, रात्रभर ढोल बडवत अकोल्यात शिरलास. दुसऱ्या दिवशी म्हणालास, "मोठेबाबा, कानात कापूस कोंबल्यासारखं वाटते." मी पाठ थोपटली! आता तर सकाळी एका स्टुडिओत, दुपारी दुसऱ्यात, रात्री कुठल्या तरी जॅझच्या बैठकीत. कानात हेडफोन, हेडफोनात ताल मोजणारी ती क्लिक, आणि ड्रम्सच्या वर ऐकू यावी म्हणून तू ती वाढवत जातोस. हे तूच मला कौतुकानं सांगितलंस. गाढवा, विहिरीचं पाणी आटलं म्हणून दोर लांब करत जाण्यासारखं आहे हे.

माझ्या कानाच्या डॉक्टरांनी एका चिठ्ठीवर हिशेब लिहून दिला होता, तो उतरवून पाठवतो. 85 डेसिबलचा आवाज दिवसाला 8 तास सोसतो. पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा. 88 ला 4 तास, 91 ला 2, आणि 100 ला फक्त पाव तास. तुझी झांज 100 च्या वर सहज जाते. कानाच्या आत शंखासारखा एक भाग असतो, त्यात साधारण 15,000 बारीक पेशी, केसांसारख्या. वाऱ्यानं पऱ्हाटी वाकते तशा त्या मोठ्या आवाजानं वाकतात. वारा थांबला की उभ्या राहतात. पण गारपीट झाली की? आणि हे पीक दुबार पेरता येत नाही. एकदा गेलं की गेलं.

आत्याचा आवाज बारीक आहे. बारीक आवाज आधी जातात. म्हणून विचारतो.

मी बावीस वर्षांचा असताना अकोल्यात एका जिनिंगमध्ये हिशेबाला होतो, हे तुला ठाऊक आहे. दिवाळीपासून फाल्गुनापर्यंत रेच्यांची घरघर दिवसभर. संध्याकाळी ऑर्केस्ट्रा. गणपतीत, शारदोत्सवात मी बोंगो-कोंगो घेऊन भोंग्याला पाठ लावून बसायचो, कारण तिथून आपलाच आवाज दणदणीत ऐकू यायचा. रात्री अंथरुणावर पडलो की रातकिडे किर्र ओरडायचे. मला वाटायचं, मोर्णेच्या काठचे असतील. एकदा भर वैशाखात दुपारी दोनला सावलीत पडलो होतो. झाडाचं पान हलत नव्हतं. आणि रातकिडे चालूच. बाळ्या, ते बाहेर नव्हतेच.

आता जे लिहितो ते मोठी आईलाही माहीत नाही. 1976 मध्ये मी आठ दिवसांसाठी मुंबईला गेलो होतो. परत येऊन सांगितलं की तिकडचं पाणी मानवलं नाही. पाण्यानं काही झालं नव्हतं. मारुतराव कीरांचा तबला, अमृतराव काटकरांचं रेसो रेसो यांनी आम्हा पोरांना वेड लावलं होतं, त्या वेडात गेलो. ओळखीनं एका रेकॉर्डिंगला बसायला मिळालं. तेव्हा गायक आणि सगळा ताफा एकाच वेळी वाजवायचा. एकाचं चुकलं की सगळ्यांनी पहिल्यापासून. अरेंजरनं हळू आवाजात मोजलं, एक दोन तीन. मला ते ऐकूच आलं नाही. शेजाऱ्याचा हात हलला तेव्हा मी हात टाकला, अर्धी मात्रा उशिरा. दोनदा सांभाळून घेतलं. तिसऱ्यांदा म्हणाले, "जरा बाहेर बसा." कुणाचा दोष नव्हता. हात चांगले होते रे माझे. कान आधीच गेले होते.

मलाही तीन हाका झाल्या होत्या, आणि मीही ओ दिली नव्हती.

तू मागे फोनवर त्रिलोक गुर्टू दाखवलास. तो शोभाताई गुर्टूंचा मुलगा हे कळल्यावर मी नीट सरसावून बसलो. बेळगावात जन्मलेली, ठुमरी गाणारी आई आणि पोरगा जॉन मॅक्लॉफ्लिनच्या गिटारला साथ करायचा! खाली बसून ड्रम्स वाजवतो, झांज पाण्याच्या बादलीत बुडवतो आणि तिचा सूर वाकवतो. तू म्हणालास, "पाहा मोठेबाबा, कसा वाकला." मी मान डोलावली. खरं सांगू? मला पाणी हललेलं दिसलं. सूर ऐकू आला नाही. त्याच्या रेकॉर्डवर आई गायली आहे, असंही तू सांगितलंस. आईच्या आवाजाला जागा सोडून वाजवायचं तर आधी तो आवाज ऐकू यायला हवा ना?

धंदा सोड असं म्हणत नाही. माझ्या वडिलांनी, आबाजींनी, माझी बोंगोची जोडी माळ्यावर टाकली तेव्हा मी तीन दिवस जेवलो नव्हतो. ते पाप माझ्या हातून होणार नाही. वाजव. पण या आठवड्यात कान तपासून घे. संगीतवाल्यांसाठी वेगळी बुचं मिळतात, सूर न बिघडवता आवाज कमी करणारी, ती घे. महाग असतील तर सांग, पेन्शन पहिल्या तारखेला जमा होते. कानात किर्र वाजत असेल तर लपवू नको. मी लपवलं.

खूप बोललो. रागावू नको. तू तबल्यावर "धा" वाजवलास की मला आता डग्ग्याचा घुमारा तेवढा ऐकू येतो, चाटेवरचा "ना" येत नाही. ऐकता ऐकता तो मीच मनात भरतो. तुझा "ना" कसा असतो ते पाठ आहे मला. लहानपणी आबाजींची खंजिरी घेऊन ओसरीवर बसायचास, मोझरीला ऐकलेली भजनं वाजवायचास, तेव्हापासून.

अंबा एक्सप्रेसला रात्री बसलास की सकाळी अमरावती. दाराची बेल मला ऐकू येत नाही, मोठी आई पूजेत असते. म्हणून मी ओट्यावरच बसून राहीन, रस्त्याकडे तोंड करून. हाक मारायचं काम नाही. तुलाही नाही, मलाही नाही.

तुझे
मोठेबाबा