गोठ्यातील रबरी चटई आणि तिच्याखालची जमीन

गाय किंवा म्हैस दिवसाच्या २४ तासांपैकी सुमारे १० ते १२ तास बसून काढते. बसताना ती प्रथम पुढचे गुडघे टेकते व त्या क्षणी अंगाचा मोठा भार गुडघ्यांवर येतो. सिमेंटच्या कोब्यावर किंवा शहाबादी फरशीवर गुडघे सोलवटतात, खूर घसरतात आणि जनावर बसण्याचे टाळू लागते. विश्रांती व रवंथ कमी झाली की दुधातही तूट येते. यावर उपाय म्हणून रबरी चटया आता नंदुरबार जिल्ह्यातही विकत मिळतात. परंतु चटई जमिनीचा टणकपणा झाकते, ओल झाकत नाही. खालची जमीन खळग्यांची असेल तर तेथे मूत्र साचते, दुर्गंधी सुटते व ओल्या जागेतील जंतूंमुळे कासदाह उद्भवतो. म्हणून आधी जमीन, मग चटई, हाच क्रम ठेवावा.

जमिनीची तयारी
शहादा, तळोदा व नंदुरबार तालुक्यांत तापीकाठची जमीन काळी आहे. ती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट केलेला कोबा तडकतो. यास्तव काळी माती फूट-दीड फूट काढून तेथे मुरूम भरावा. प्रत्येक थरावर पाणी मारून धुम्मसाने ठोकावे. त्यावर एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू व चार भाग खडी या प्रमाणाचा चार इंच जाडीचा कोबा करावा. गव्हाणीकडून नालीकडे सहा फुटांस सव्वा इंच उतार द्यावा. पृष्ठभाग आरशासारखा घोटू नये. किमान ७ दिवस कोब्यावर पाणी मारावे आणि चटई ३ ते ४ आठवड्यांनंतरच अंथरावी.

चटई अंथरण्यापूर्वी कोब्यावर बादलीभर पाणी ओतावे. ज्या ठिकाणी पाणी थांबेल तेथे कोळशाने खूण करून तो खळगा भरून घ्यावा.

चटई निवडणे व बसविणे
१) बाजारात ६॥ फूट लांब व ४ फूट रुंद चटई सामान्यतः मिळते. १५ मिलिमीटर जाडीच्या अशा चटईचे वजन ४० किलोच्या आसपास भरते. उचलण्यास दोन माणसे लागतात. खरेदीपूर्वी जनावराची जागा मोजावी. चटईने नाली झाकली जाता कामा नये.

२) कोपरा दुमडून पाहावा. चिरा पडत असल्यास किंवा रबराचे कण सुटत असल्यास ती चटई घेऊ नये.

३) गुंडाळी आणली असल्यास एक दिवस सावलीत सपाट पसरून ठेवावी. चटईच्या खालच्या अंगास खाचा असल्यास त्या नालीच्या दिशेने याव्यात.

४) उष्णतेने रबर वाढते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. म्हणून भिंतीलगत अर्धा इंच व दोन चटयांमध्ये थोडी फट सोडावी. अन्यथा चटई मध्येच फुगून वर येते.

५) चटई फक्त गव्हाणीकडील टोकास रुंद चकती घातलेल्या स्क्रूने पक्की करावी. स्क्रूचे डोके वर राहू देऊ नये. नालीकडील टोक मोकळे ठेवावे, म्हणजे ते उचलून खाली धुता येते.

निगा
शेण रोज दोन वेळा काढावे. पंधरा दिवसांतून एकदा मोकळे टोक उचलून खालची जागा धुवावी व वाळू द्यावी. रॉकेल वा डिझेल रबरावर सांडू देऊ नये. त्याने रबर फुगून मऊ पडते. धार काढल्यानंतर सडाचे छिद्र सुमारे अर्धा तास उघडे राहते. त्या वेळी जनावरापुढे वैरण टाकावी, म्हणजे ते उभे राहील.

चटई केव्हा घेऊ नये
अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील पाड्यांवर पुष्कळ ठिकाणी जनावरे मातीच्या जमिनीवर बांधली जातात. अशा जमिनीवर चटई टाकल्यास खालची माती चिखल होते व पैसा वाया जातो. तेथे ठोकलेला मुरूम, नालीकडे उतार आणि कोरडे गवत, उसाचे पाचट किंवा नवापूरकडे भाताचे तनीस यांचा बिछाना अधिक हितकर होय. ओला झालेला भाग रोज काढून खताच्या खड्ड्यात टाकावा.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी चटईची शिफारस करण्यापूर्वी गोठ्यात स्वतः गुडघे टेकून दहा अंक मोजावेत. गुडघे दुखले तर जमीन टणक आहे. धोतर किंवा पँट भिजली तर ती ओली आहे. ओल असेल तर प्रथम उतार व नाली दुरुस्त करावी. केवळ टणकपणाचीच तक्रार उरली तरच चटई घ्यावी. सर्व दावणीला एकदम चटया घेण्याचे कारण नाही. गुडघे सुजलेल्या किंवा नुकत्याच व्यालेल्या एका जनावराखाली एक चटई घालून पाहावी आणि एक पावसाळा अनुभव घेऊन पुढील खर्च ठरवावा.