गंगेच्या तळाचा आवाज

दिल्लीच्या पूर्वेस, उत्तर प्रदेशातील बुलंदशहर जिल्ह्यात नरोरा येथे गंगेला बांध घातलेला आहे. हा जिल्हा राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडतो. ब्रजघाटापासून नरोऱ्यापर्यंतचा नदीचा पट्टा 2005 साली रामसर पाणथळ स्थळांच्या यादीत समाविष्ट झाला. या पट्ट्यात गंगेतील डॉल्फिन राहतो. नदीकाठचे लोक त्याला ‘सूंस’ म्हणतात. श्वास सोडताना होणाऱ्या आवाजावरून हे नाव पडले असावे, असे मानले जाते. देवमासा आणि समुद्री डॉल्फिन यांच्याच कुळातील हा सस्तन प्राणी असला, तरी त्याचे सारे आयुष्य गोड्या पाण्यात जाते.

या प्राण्याचा अभ्यास करणे मोठे कठीण आहे. श्वासासाठी तो पृष्ठभागावर येतो तो जेमतेम सेकंदभर. उरलेला सारा वेळ गढूळ पाण्याखाली असतो. होडीतील निरीक्षकाला क्षणभर लांब चोच किंवा पाठ दिसते, एवढेच. मग हा प्राणी खाली काय करतो, शिकार कशी शोधतो, हे कळावे कसे?

उत्तर त्या प्राण्याच्या शरीरातच आहे. त्याच्या डोळ्याला भिंगच नसते. उजेड व अंधार यांतील फरक जाणवावा, एवढीच त्याची दृष्टी. तो जवळजवळ अखंड ‘टिक् टिक्’ असे अतिशय तोकडे ध्वनी सोडत असतो आणि परतणाऱ्या प्रतिध्वनीवरून मासा, तळ, काठ यांचा अंदाज घेतो. या ध्वनींची वारंवारता साधारणपणे 60 किलोहर्ट्झच्या आसपास असते. माणसाच्या कानाची मर्यादा 20 किलोहर्ट्झ. म्हणजे आपल्याला शांत वाटणारी नदी सूंससाठी शांत नसतेच.

नेमका हाच धागा दिल्लीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्राध्यापक राजेंद्र बहल यांनी पकडला. पाण्याखालील ध्वनी आणि सोनार हा त्यांचा विषय. या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांनी टोकियो विद्यापीठातील तामाकी उरा व त्यांचे सहकारी आणि वन्यजीव अभ्यासक संदीप बेहेरा यांच्यासह गंगेत ध्वनिनिरीक्षणाचे काम केले. उरा हे पाण्याखाली चालणाऱ्या यंत्रमानवांचे अभियंते. इलेक्ट्रॉनिक्सची माणसे आणि वन्यजीवांची माणसे एका होडीत बसल्याशिवाय हा प्रश्न सुटणारा नव्हता.

त्यांचे मुख्य साधन म्हणजे हायड्रोफोन, अर्थात पाण्यात बुडवायचा ध्वनिग्राहक. एका हायड्रोफोनने आवाज ऐकू येतो, पण तो कोठून आला हे समजत नाही. म्हणून सहा हायड्रोफोन ठरावीक अंतरांवर बसवण्यात आले. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे 1,500 मीटर जातो. दीड मीटर अंतर कापायला त्याला सेकंदाचा हजारावा भाग लागतो. एकच ‘टिक्’ प्रत्येक हायड्रोफोनवर किंचित वेगळ्या क्षणी पोहोचते. हे फरक मोजले की प्राण्याची दिशा आणि खोली काढता येते, आणि लागोपाठच्या ध्वनींवरून त्याचा पाण्याखालचा मार्ग रेखाटता येतो. दोन ध्वनींमधील अंतरही बोलके असते. भक्ष्य जवळ येऊ लागले की दंतधारी देवमाशांच्या कुळात हे ध्वनी भराभर निघू लागतात. जाळे न टाकता, प्राण्याला स्पर्शही न करता एवढे कळावे, हे या पद्धतीचे खरे मोल.

समुद्रातील अनेक डॉल्फिन शिट्ट्याही घालतात. बाटलीनाक डॉल्फिनमध्ये प्रत्येकाची स्वतःची शिट्टी असते, जणू नावच. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यालगतच्या कुबडधारी डॉल्फिनच्या शिट्ट्यांचे ध्वनिमुद्रण आणि वर्गीकरणही संशोधकांनी केले आहे. सूंसचा आवाज मात्र प्रामुख्याने टिकटिकीचाच.

2009 साली सूंसला राष्ट्रीय जलचर घोषित करण्याचा निर्णय झाला. 2021 ते 2023 या काळात झालेल्या देशव्यापी गणनेत डोळ्यांच्या जोडीला हायड्रोफोनही वापरले गेले. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या अहवालानुसार भारतात 6,327 नदी-डॉल्फिन आहेत. त्यांपैकी तीन बियास नदीतील, सिंधू जातीचे.

गणना झाली, पण त्यांच्या कानांचे काय? गंगेत मालवाहू जहाजे व यांत्रिक बोटी वाढत आहेत. गंगेतच मयूख डे, नचिकेत केळकर आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास 2019 साली प्रसिद्ध झाला. बोटींच्या गोंगाटात सूंसचे स्वतःचे ध्वनी झाकले जातात आणि त्याच्या शरीरावरील चयापचयाचा ताण दुपटीहून अधिक वाढतो, असे त्यात आढळले. उन्हाळ्यात पाणी उथळ झाले की हा त्रास आणखी वाढतो. जहाजांची वाहतूक कमी करावी, त्यांच्या पंख्यांची रचना बदलावी आणि नदीत पुरेसे पाणी वाहते ठेवावे, असे या संशोधकांनी सुचवले आहे. यांतील पाण्याची सूचना सर्वांत अवघड. कारण नरोऱ्याच्या बांधापासून निघणारे गंगेचे पाणी शेतांकडेही वळवलेले आहे.