तीन प्रती मागितल्या, नऊ का आल्या?

शाळेतील एकच प्रिंटर पुष्कळदा नेटवर्कने अनेक संगणकांना जोडलेला असतो. प्रश्नपत्रिकेच्या ४० प्रती हव्यात म्हणून आपण ४० हा आकडा भरतो. कधी एकच प्रत येते, तर कधी प्रिंटर थांबायचे नाव घेत नाही. ४० च्या जागी १६०० कागद आले, तर ५०० कागदांची तीन रिमे संपून चौथे फोडावे लागेल! असे का व्हावे?

प्रती वाढवण्याचे काम दोन ठिकाणी होऊ शकते. एक, संगणकच तेच पान पुन्हा पुन्हा पाठवतो. दुसरे, संगणक पान एकदाच पाठवतो आणि सोबत 'इतक्या प्रती काढ' अशी आज्ञा देतो. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या इंटरनेट प्रिंटिंग प्रोटोकॉलमध्ये या आकड्यासाठी वेगळी जागाच ठेवलेली आहे. आकडा आलाच नाही, तर प्रिंटर स्वतःच्या पटलावर ठरवून ठेवलेला आकडा वापरतो. हे काम दोघांपैकी एकानेच करायचे असते.

आता प्रयोग करू. एका पानाचा मजकूर घ्या. प्रथम १, मग २, मग ३ प्रती मागा आणि आलेले कागद मोजा. बाकी काहीही बदलू नका.

१, १, १ आले, तर आकडा वाटेतच हरवला. त्या प्रिंटरसाठी योग्य असा ड्रायव्हर संगणकावर बसवावा.

१, ४, ९ आले, तर हे वर्ग आहेत! संगणकाने तीन पाने पाठवली आणि प्रिंटरने प्रत्येकाच्या तीन प्रती काढल्या. ड्रायव्हरच्या खिडकीतील आकडा १ ठेवून प्रती फक्त मूळ प्रोग्रॅममधून मागून पाहा.

२, ४, ६ आले, तर पाने संगणक वाढवतो आहे, पण प्रिंटरच्या पटलावर २ हा आकडा राहून गेला आहे. तो १ करा.

तीन प्रतींपर्यंत का जायचे? केवळ २ प्रती मागितल्या असत्या, तर दुप्पट आणि वर्ग या दोन्हींचे उत्तर ४ च आले असते! एका मोजणीवरून नियम ठरत नाही, तो असा.

एक पान ठीक येते, पण अनेक पानांच्या मजकुराची एकच प्रत येते, असेही होते. तेव्हा 'कोलेट' ही खूण पाहा. ती असेल तर पाने १, २, १, २ अशी लागतात. नसेल तर १, १, २, २ अशी. पहिल्या प्रकारात प्रिंटरला सगळा मजकूर स्मृतीत ठेवावा लागू शकतो. खूण काढल्यावर प्रती पुऱ्या आल्या, तर अपुऱ्या स्मृतीचा संशय घ्यावा.

शेवटी दुसऱ्या संगणकावरून हाच प्रयोग करा. तेथे उत्तर बरोबर आले, तर दोष पहिल्या संगणकात आहे. सगळीकडे सारखेच चुकले, तर दोष प्रिंटरमध्ये किंवा सर्वांच्या सामाईक सर्व्हरमध्ये शोधावा.

आता एक प्रश्न तुमच्यासाठी. प्रयोगात २, २, २ असे कागद आले, तर दोष किती आणि कोणते? विचार करून वहीत लिहा, आणि मगच प्रिंटरकडे जा.